बुर्चाक तार्लासी

बुर्चाक तार्लासी (अर्थ : बुर्चाकचे शेत) हे तुर्कस्तानातील तोकात परिसराचे एक लोकगीत आहे. बुर्चाक नावाचे द्विदल पीक हाताने उपटण्याचे कष्ट आणि सासरी आलेल्या सुनेची व्यथा हा या गीताचा विषय आहे. गायिका त्युलाय गेर्मान यांनी १९६४ साली पाश्चात्त्य वाद्यमेळाच्या साथीने हे गीत ध्वनिमुद्रित केले. तोपर्यंत प्रामुख्याने इंग्रजी जॅझ गाणाऱ्या गेर्मान यांना या एका गीताने देशभर ओळख मिळवून दिली. पुढे 'अनादोलू पॉप' या नावाने प्रसिद्धीस आलेल्या संगीतप्रवाहाच्या अगदी आरंभीच्या ध्वनिमुद्रणांत या गीताची गणना केली जाते.

नाव व पीक

तुर्की भाषेत 'बुर्चाक' हे मसुराशी जवळचे नाते असलेल्या एका कडू द्विदल धान्याचे नाव आहे, तर 'तार्ला' म्हणजे शेत. हे पीक पश्चिम आशियात नवाश्मयुगापासून लावले जात आहे आणि मानवाने सर्वप्रथम लागवडीखाली आणलेल्या पिकांमध्ये त्याचा समावेश होतो. हलक्या, कोरडवाहू जमिनीत व कमी पावसावरही ते येते. दाणा कडू असल्यामुळे माणसाच्या आहारात त्याचा वापर फारसा होत नाही; गुरांचे खाद्य म्हणूनच ते मुख्यतः पिकवले जाते.

बुर्चाकचे झाड बुटके असते. त्यामुळे पारंपरिक शेतीत विळ्याने कापणी न करता ओणवे होऊन एकेक झाड मुळासकट उपटले जाई. ऊन चढल्यावर वाळलेल्या शेंगा तडकतात आणि दाणे गळून पडतात. म्हणून द्विदल पिकांची उपटणी शक्यतो पहाटे, दव असतानाच उरकण्याची रीत आहे. गीतातील दिवसाची सुरुवात पहाटेच्या अजानच्या वेळी होते, त्यामागे शेतीतील हे वास्तव आहे. अनातोलियाच्या अनेक भागांत उपटणीचे हे काम प्रामुख्याने स्त्रियांकडे असे.

आशय

गीताची निवेदिका ही सासरी नांदणारी तरुण सून आहे. तुर्की भाषेत नववधू आणि सून या दोन्ही अर्थांनी 'गेलिन' हा एकच शब्द वापरला जातो. 'येणे' या क्रियापदापासून तो बनला असून 'बाहेरून घरात आलेली' असा त्याचा मूळ भाव आहे. एकत्र कुटुंबात नव्या सुनेचे स्थान सर्वांत खालचे असे. घरातील व शेतातील अवजड कामे तिच्या वाट्याला येत आणि तिच्यावर सासूचा अंमल चाले.

लोकगीत असल्याने पाठभेद अनेक आहेत. तरी प्रचलित कडव्यांतील आशय साधारणपणे सारखाच आहे. निवेदिका पहाटे उठते. कानी पडणारा आवाज तिला अजानचा न वाटता बुर्चाकच्या शोकाचा वाटतो. घरधन्याकडे किती शेते आहेत हे ती उपरोधाने मोजायला सांगते. दूध तापवताना ते उतू जाते, शेतात हाताला काटा लागतो आणि कामाच्या रेट्यात तिचे भान हरपते. अखेर ती सासूला आणि बुर्चाक पेरणाऱ्यालाही शाप देते. प्रत्येक कडव्यानंतर येणाऱ्या ध्रुवपदात ती इतर मुलींना उद्देशून बुर्चाक उपटणे आणि बुर्चाकच्या शेताची सून होणे या दोन्ही गोष्टी किती कठीण आहेत ते सांगते.

ध्रुवपदातील ही जोडणी गीताच्या केंद्रस्थानी आहे. शेतातील श्रम आणि विवाहाने आलेले पारतंत्र्य यांचा उल्लेख येथे एका दमात होतो. शेतांची मालकी एकाकडे आणि कष्ट दुसरीकडे, ही विषमता गीत कोणतेही भाष्य न करता केवळ तपशिलांतून मांडते. आशय तक्रारीचा असला तरी चाल खेळकर व उडती आहे. त्यामुळे गीत विलापाकडे न झुकता उपहासाकडे झुकते.

पार्श्वभूमी

लोकगीतांचे संकलन

तुर्की लोकगीताला 'त्युर्क्यू' म्हणतात. १९२३ साली प्रजासत्ताकाची स्थापना झाली. त्याच वर्षी विचारवंत झिया ग्योकाल्प यांनी 'त्युर्कच्युल्युय्युन एसासलारी' हा ग्रंथ प्रसिद्ध करून अनातोलियातील लोकसंगीत व पाश्चात्त्य स्वरसंहती यांच्या मिलाफातून राष्ट्रीय संगीत घडावे, असा विचार मांडला. नव्या राजवटीच्या सांस्कृतिक धोरणावर या विचाराचा मोठा प्रभाव पडला. उस्मानी दरबारी परंपरेतील संगीत १९३४ ते १९३६ या काळात नभोवाणीवरून वगळण्यात आले होते. १९३६ साली हंगेरियन संगीतकार बेला बार्तोक यांनी अहमद अदनान सायगुन यांच्यासह दक्षिण अनातोलियात लोकगीतांचे ध्वनिमुद्रण केले. १९३७ पासून अंकारा येथील राज्य संगीत विद्यालयाने संकलनाच्या मोहिमा काढल्या. त्यांत हजारो गीते गोळा झाली. या कामाशी निगडित असलेले मुझफ्फर सारिसोझेन यांनी नभोवाणीवरील 'युर्त्तान सेसलेर' (देशाचे सूर) या लोकसंगीतवृंदालाही आकार दिला.

या प्रयत्नांमुळे खेड्यापाड्यांतील गीते नभोवाणीमार्फत देशभर पोहोचली. मात्र ती मुख्यतः बाग्लामा या तंतुवाद्याच्या साथीने, समूहस्वरात आणि एका ठरावीक शैलीत सादर होत. शहरी नृत्यगृहांत व क्लबांत वाजणाऱ्या संगीताशी त्यांचा संबंध जवळजवळ नव्हता.

शहरी संगीत

इस्तंबूल व अंकारा येथील आधुनिक रसिकवर्ग १९५०च्या दशकात जॅझ, टँगो, इटालियन व फ्रेंच गीते यांकडे ओढला गेला होता. गायकही ही गीते मूळ भाषांतच गात. १९६१ साली इल्हाम गेन्जेर यांनी एका फ्रेंच गीताच्या चालीवर फेज्री एब्जिओलू यांनी लिहिलेले तुर्की शब्द गायले. परदेशी चालीवर तुर्की शब्द बसवण्याच्या या पद्धतीला 'आरांझमान' असे नाव पडले आणि काही वर्षे तिचीच चलती होती. पॉप संगीताची भाषा अशा प्रकारे तुर्की झाली, तरी चाली परदेशीच राहिल्या.

याच काळात साहित्य व चित्रपट या क्षेत्रांत ग्रामीण अनातोलियाचे चित्रण ठळकपणे होऊ लागले होते. महमूत माकाल यांचे 'बिझिम क्योय' (१९५०) आणि यशार केमाल यांची 'इन्जे मेमेद' (१९५५) ही कादंबरी मोठ्या प्रमाणावर वाचली जात होती. १९६४ साली मेतिन एर्कसान दिग्दर्शित 'सुसुझ याझ' या खेड्यातील पाण्याच्या वादावरील चित्रपटाला बर्लिन चित्रपट महोत्सवात सुवर्ण अस्वल हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. १९६१च्या राज्यघटनेने काहीशी मोकळीक दिल्यानंतर श्रम, जमीन व विषमता हे विषय सार्वजनिक चर्चेत आले होते. गेर्मान यांचे ध्वनिमुद्रण याच वातावरणात झाले.

त्युलाय गेर्मान

त्युलाय गेर्मान यांचा जन्म १९३५ साली इस्तंबूल येथे झाला. त्यांचे शिक्षण शहराच्या आशियाई भागातील उस्कुदार येथील अमेरिकन मुलींच्या शाळेत झाले. इंग्रजीवरील प्रभुत्व आणि जॅझची आवड यांमुळे त्या १९६०च्या सुमारास व्यावसायिक गायनाकडे वळल्या. इंग्रजी व इतर पाश्चात्त्य भाषांतील गीते हा त्यांच्या कार्यक्रमांचा मुख्य भाग असे.

जॅझचे जाणकार व अनुवादक एर्देम बुरी यांच्याशी झालेली भेट त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. पुढे ते त्यांचे आयुष्यभराचे सहचर झाले. परक्या भाषेतील गीतांचे उत्तम अनुकरण करण्यापेक्षा स्वतःच्या भाषेतील गीते आधुनिक रूपात गावीत, असा बुरी यांचा आग्रह होता. लोकगीतांच्या अभ्यासासाठी गेर्मान यांनी रूही सू यांचे मार्गदर्शन घेतले. रूही सू (१९१२–१९८५) यांनी ऑपेरागायनाचे शिक्षण घेतले होते. आपल्या कमावलेल्या घनगंभीर आवाजात ते बाग्लामाच्या साथीने लोकगीते गात. डाव्या विचारांमुळे १९५२ साली त्यांना अटक होऊन पाच वर्षांचा कारावास घडला होता. लोकगीताचा ग्रामीण बाज हुबेहूब उचलण्याऐवजी शब्दांचा अर्थ व उच्चार यांना महत्त्व देण्याची त्यांची दृष्टी गेर्मान यांच्या गायनातही दिसते.

१९६४चे ध्वनिमुद्रण

१९६४ साली यूगोस्लाव्हियात भरलेल्या बाल्कन संगीत महोत्सवात तुर्कस्तानातर्फे त्युलाय गेर्मान, एरोल ब्युयुकबुर्च व तान्जू ओकान हे गायक सहभागी झाले होते. गेर्मान यांनी तेथे 'बुर्चाक तार्लासी' सादर केले. परदेशी श्रोत्यांसमोर आपल्या देशाचे म्हणून काय गावे, हा प्रश्न अशा महोत्सवात आपोआपच उपस्थित होई. आरांझमान पद्धतीतील गीत तेथे परकी उसनवारी ठरले असते. लोकगीताच्या निवडीने त्याला उत्तर मिळाले. तुर्की चमूच्या सादरीकरणाचे स्वागत झाले आणि मायदेशी वृत्तपत्रांनीही त्याची दखल घेतली.

त्याच वर्षी हे गीत ४५ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेवर प्रसिद्ध झाले. तिच्या दुसऱ्या बाजूस 'मेज्नूनुम लेयलामी ग्योर्द्युम' हे दुसरे लोकगीत होते. दोन्ही बाजूंस लोकगीतेच ठेवल्याने हा एखादा गमतीचा प्रयोग नसून जाणीवपूर्वक घेतलेली दिशा असल्याचे स्पष्ट झाले.

सांगीतिक रूप

या ध्वनिमुद्रणात गीताची मूळ चाल व कडवे-ध्रुवपद अशी रचना कायम ठेवली आहे. बदल आहे तो साथीत. बाग्लामाच्या जागी पाश्चात्त्य वाद्यवृंद आला आणि एकेरी स्वरावलीला स्वरसंहतीची जोड मिळाली. लयीला नृत्यसंगीताचा ठसका दिला आहे. गेर्मान यांनी ग्रामीण बोलीचा हेल ओढूनताणून आणला नाही. जॅझगायनातून आलेली शब्दफेक, आवाजातील किंचित खरखर आणि शब्दावर दिलेला अनपेक्षित आघात यांमुळे निवेदिकेचा उपरोध ठळक होतो. शहरी, सुशिक्षित गायिका गावातील सुनेची नक्कल न करता तिचे म्हणणे स्वतःच्या आवाजात मांडते, हे या सादरीकरणाचे वैशिष्ट्य मानले जाते.

प्रतिसाद

ध्वनिमुद्रिका लोकप्रिय झाली आणि गेर्मान यांचे नाव या गीताशी कायमचे जोडले गेले. क्लबमध्ये परदेशी गीते ऐकणाऱ्या श्रोत्यांना तिच्यामुळे अनातोलियाच्या शेतातील गीत आपलेसे करता आले. दुसरीकडे, लोकगीताला पाश्चात्त्य साज चढवल्याने त्याचे मूळ रूप बिघडते, असा आक्षेप त्या काळात अशा प्रयोगांवर घेतला जाई. लोकसंगीताचे 'अस्सल' रूप कोणते आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद पुढेही दीर्घकाळ चालू राहिला. १ मे १९६४ रोजी स्थापन झालेल्या तुर्की नभोवाणी-दूरचित्रवाणी महामंडळानेही लोकगीतांच्या प्रसारणासाठी आपले निकष लावले.

संकलकांनी जपलेली समूहस्वराची शैली हीदेखील मुळातील एकट्या गायिकेच्या गीतावर केलेला एक संस्कारच होता, असे प्रयोगांच्या बाजूने म्हणता येते. 'बुर्चाक तार्लासी'च्या बाबतीत एकलगायनामुळे निवेदिका पुन्हा 'एकटी' झाली आणि गीतातील तक्रार व्यक्तिगत पातळीवर ऐकू येऊ लागली.

अनादोलू पॉपवरील प्रभाव

१९६५ साली 'ह्युरियेत' या वृत्तपत्राने 'आल्तिन मिक्रोफोन' (सोनेरी ध्वनिक्षेपक) ही स्पर्धा सुरू केली. पाश्चात्त्य वाद्ये व तंत्र वापरून तुर्की संगीताला नवे रूप देणे हा तिचा उद्देश होता. अनेक तरुण वाद्यवृंदांनी तीत लोकगीतांची नवी रूपे सादर केली. १९६७च्या स्पर्धेत जेम कराजा यांना 'एमराह' या गीतासाठी दुसरे स्थान मिळाले. त्याचे शब्द एकोणिसाव्या शतकातील लोककवी एर्झुरुमचे एमराह यांचे होते. कराजा यांच्या कारकिर्दीलाही या गीतानेच गती दिली.

१९६७ साली स्थापन झालेल्या 'मोओल्लार' या वाद्यवृंदाने १९७०च्या सुमारास आपल्या संगीतासाठी 'अनादोलू पॉप' ही संज्ञा वापरली. १९७० साली बारिश मांचो यांचे 'दालार दालार' गाजले. १९७१ साली सेल्दा बाजान यांनी लोकगीतांच्या ध्वनिमुद्रिकांपासूनच आपल्या कारकिर्दीचा आरंभ केला. या सर्वांच्या शैली परस्परांहून भिन्न आहेत. विद्युत गिटार व रॉकचा जो जोर पुढे आला, तो गेर्मान यांच्या ध्वनिमुद्रणात नाही. तथापि लोकगीत घेऊन शहरी लोकप्रिय संगीताच्या मुख्य प्रवाहात उभे राहता येते, हे 'बुर्चाक तार्लासी'ने त्यांच्या आधी दाखवून दिले होते.

गेर्मान यांची पुढील वाटचाल

या यशानंतर अवघ्या दोन वर्षांत गेर्मान यांनी देश सोडला. अनुवादाच्या कामावरून एर्देम बुरी यांच्यावर खटला भरण्यात आला होता आणि त्यांना दीर्घ तुरुंगवासाची शक्यता होती. १९६६ साली दोघे पॅरिसला गेले. मायदेशात नाव झालेल्या गायिकेला तेथे नव्याने सुरुवात करावी लागली. फ्रान्समध्ये त्यांनी 'तुलाय' या नावाने फ्रेंच गीते ध्वनिमुद्रित केली.

कालांतराने त्या पुन्हा अनातोलियाच्या गीतांकडे वळल्या. अलेप्पो येथे जन्मलेले डबलबासवादक फ्रांस्वा रबाथ यांच्या साथीने त्यांनी तुर्की लोककवी व नाझिम हिकमत यांच्या रचना गायल्या. मोठा वाद्यवृंद बाजूला ठेवून आवाज व मोजकी वाद्ये एवढ्यावरच ही ध्वनिमुद्रणे उभी आहेत. या कामगिरीबद्दल त्यांना फ्रान्सच्या शार्ल क्रो अकादमीचा पुरस्कार मिळाला. नाझिम हिकमत यांनाही आयुष्याची अखेरची वर्षे मायदेशाबाहेर काढावी लागली होती.

१९८७ साली गेर्मान यांनी गायनातून निवृत्ती घेतली. बुरी यांचे १९९३ साली निधन झाले. त्यांच्या सहजीवनाची आठवण 'एर्देमली यिल्लार' (१९९६) या पुस्तकात आली आहे. 'एर्देम' या शब्दाचा अर्थ सद्गुण असा असल्याने शीर्षकात 'सद्गुणी वर्षे' व 'एर्देमसोबतची वर्षे' असा श्लेष आहे. त्यांचे दुसरे आत्मपर पुस्तक २००१ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'न कोसळलेल्या विमानाची काळी पेटी' असा आहे.

वारसा

गेर्मान यांच्या निवडक ध्वनिमुद्रणांच्या एका संकलनाला याच गीताचे नाव देण्यात आले. २०१० साली दिदेम पेक्युन यांनी गेर्मान यांच्या जीवनावर 'कोर वे आतेश यिल्लारी' (निखारे व आगीची वर्षे) हा माहितीपट केला. त्यामुळे नव्या पिढीला त्यांच्या कार्याची ओळख झाली.

लोकगीत म्हणून 'बुर्चाक तार्लासी' आजही पारंपरिक वाद्यांच्या साथीने व नव्या रूपांतही गायले जाते. यंत्रांच्या वापरामुळे आणि पिकांच्या बदलत्या पद्धतीमुळे हाताने बुर्चाक उपटण्याचा अनुभव बहुसंख्य श्रोत्यांना राहिलेला नाही. तरीही घरात व शेतात राबणाऱ्या, पण कशाचीही मालकी नसलेल्या स्त्रीचे म्हणणे त्यातून स्पष्टपणे ऐकू येते. तुर्की लोकप्रिय संगीताच्या इतिहासात हे गीत नव्या प्रवाहाचा आरंभ म्हणून नोंदले जाते. त्या आरंभाच्या मुळाशी सुनेची तक्रार आहे, ही त्याची खास ओळख आहे.